बोरघाट

सह्याद्रीतील मुंबई–पुणे–सोलापूर मार्गावरील घाट. खंडाळ्याहून कोकणात खोपोलीला उतरतो. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘भोर घाट’ म्हटले आहे. भोर गावाशी त्याची गल्लत करू नये.

शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना ही वाट दाखवली आणि त्यांनीच त्याला ठार केले, अशी दंतकथा आहे. जुन्या घाटरस्त्यावर त्याचे देऊळ आहे व वाहनचालक तिथे नाणे वाहतात. मात्र त्याने दाखवलेली वाट १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याने खुली केलेल्या गाडीरस्त्याची की पुढच्या लोहमार्गाची, याविषयी कथेचे पाठ जुळत नाहीत. घाटाचा वापर तर त्याहून पुष्कळ जुना असावा. बार्शीच्या पूर्वेकडील तेर (प्राचीन तगर) येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई, असे साधारण इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात म्हटले आहे. त्यावरून काही अभ्यासक तेरचा व्यापार जुन्नर–नाणेघाटाकडे जोडतात. तथापि कार्ले व भाजे ही लेणी बोरघाटाच्या माथ्याजवळच असल्याने हाही घाट सातवाहनकाळी वाहता होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. धनगरांना ठाऊक असलेल्या पायवाटेवर पुढे गाडीरस्ता झाला, असे मानल्यास दंतकथेतील स्मृतीलाही आधार मिळतो.

लोहमार्ग सोलापूरला १८६० मध्ये पोचला. घाटातील चढाचा लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात खंडाळा–खोपोली हा टप्पा पालख्या व बैलगाड्यांनीच पार करावा लागे.

घाटाच्या पायथ्याशी टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मी. खाली येऊन टर्बाइन फिरवते (७२ मेगावॉट). त्यामागून भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे आली. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला.

सोलापूरच्या दृष्टीने या केंद्रांचे महत्त्व विजेहून पाण्यात अधिक आहे. या केंद्रांचे तलाव इंद्रायणी व मुळा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे भीमेच्या पाणलोटात येतात. अडवले नसते तर आळंदीवरून वाहणारे पाणी भीमेतून उजनीला आणि तिथून पंढरपुरी चंद्रभागेत आले असते. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत) हे पश्चिमेकडील वळण वर्षाला ५४·५ टीएमसी (अब्ज घनफूट) व सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी इतके मर्यादित केले. म्हणजे सरासरी ४२·४ टीएमसी. हे पाणी पूर्वेकडे सोडावे, ही अवर्षणग्रस्त सोलापूर जिल्ह्याची मागणी न्याय्य आहे. सध्या खोपोलीचे पाणी पाताळगंगेला, भिवपुरीचे उल्हासला आणि भिऱ्याचे कुंडलिकेला मिळते.