संगणकीय मराठी टंकन (शालेय)

देवनागरी मजकूर युनिकोड (जगभरच्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली) संकेतांत संगणकात भरणे, तो पुन्हा शोधता येईल असा साठवणे आणि अर्ज, प्रकल्पवही, भित्तिपत्रक अशा रूपांत मांडणे, या कौशल्यांचा समूह. ठाणे व नवी मुंबईत ती शाळेच्या संगणक कक्षात, एमएस-सीआयटीच्या वर्गात (हा अभ्यासक्रम चालवणारे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ चे) आणि टंकलेखन संस्थांत शिकली जातात. तिन्हीकडे कळमांडणी (कोणत्या कळीवर कोणते अक्षर ते) एकच असेल असे नाही, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

इन्स्क्रिप्ट या प्रमाण मांडणीचे वर्ष सामान्यतः १९८६ धरतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ती तेव्हा ठरवली. काही संकलक १९८८ लिहितात, पण ते सुधारित आराखड्याचे व त्याबरोबरच्या आठ-बिटी इस्की (भारतीय लिप्यांसाठीच्या) संकेतांचे वर्ष होय. इस्कीला भारतीय मानक (आयएस १३१९४) म्हणून मान्यता मिळाली ती १९९१ मध्ये. १९८३ हे वर्षही कुठे कुठे आढळते. ते आधीच्या सात-बिटी संकेतांचे असल्याने मांडणीच्या संदर्भात घेणे सयुक्तिक दिसत नाही. श्रेय कोणी आयआयटी कानपूरला देतात, कोणी १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकला. कानपूरचे जिस्ट हे भारतीय लिप्या संगणकावर आणणारे तंत्र पुढे सी-डॅककडेच आले, तेव्हा ही मते परस्परविरोधी नसावीत. युनिकोडने देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरून घेतला.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. ‘ठाणे’ लिहायला चार कळा लागतात : ठ, काना, ण, मात्रा, पैकी ठ आणि ण शिफ्ट धरून. युनिकोडचा क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नसतो. त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टन या जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर हात बसलेला विद्यार्थी वेलांटी आधी दाबतो आणि पडद्यावर ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ वेलांटीला चिकटून उमटते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी ध्वन्यनुसारी मांडणी शिकायला सोपी खरी, पण न-ण, ल-ळ आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची निवड ती सुचवलेल्या शब्दांवर सोडते. शुद्धलेखन शिकायच्या वयात इन्स्क्रिप्ट बरी.

सर्वांत अवघड अक्षर र. त्याची तीन रूपे याच परिसरातल्या शब्दांवर दाखवता येतात. ‘तुर्भे’मध्ये र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), भ असा क्रम दिला की रफार होतो. ‘मुंब्रा’मध्ये ब, हलन्त, र दिल्यावर र खाली तिरका लागतो. ‘किनाऱ्यावर’ मधला र मात्र आडव्या रेघेचा, आणि तो साध्या र पासून सरळ मिळत नाही. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य दिला की ‘ऱ्य’ तयार. युनिकोडच्या तक्त्यात हा ऱ द्राविडी भाषांतील एका र साठी नोंदलेला असून त्याचे अर्धे रूप मराठीला उपयोगी पडते. दुसरी रीत म्हणजे र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. दोन्ही रूपे छापील पानावर सारखीच दिसतात, पण साध्या शोधयंत्रणेला ती वेगळी वाटतात. शिवाय मजकूर एकीकडून दुसरीकडे चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. म्हणून पहिली रीत पसंत करावी. फरक केवळ दिसण्याचा नाही. ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी. ‘ॲ’चे दुखणे याच जातीचे : हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यापूर्वीच्या मजकुरात अ वर वेगळा चंद्र दिलेला सापडतो.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मजकुराची रोमन गिचमिड होते. कोर्टनाक्यावरच्या किंवा शाळेजवळच्या डीटीपी दुकानातून जुनी फाइल आणली, तर आधी फॉन्टचे नाव विचारून घ्यावे. प्रत्येकाचा युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वेगळा असतो. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि आकडे डोळ्यांखालून घालावेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ‘ठाणे’ १२ बाइटचे. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० चिन्हांवर तुटतो तो मात्र १६-बिटी संकेतांमुळे.

भित्तिपत्रकासाठी ए-४ कागद २१० × २९७ मिमी धरावा; ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. चहूबाजूंनी ३ मिमी जादा रंग ठेवला नाही, तर कापणीत पांढरी कड उरते. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. रोमन शीर्षकांची ही सवय मराठीत उचलण्याजोगी नाही. ओळींमधले अंतर अक्षराच्या सुमारे दीडपट हवे, अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. वेलांटी भलतीकडे आणि हलन्त उघडा दिसला, तर चित्रसंपादकात दक्षिण आशियाई लिप्यांची जुळणी सुरू केलेली नसते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातील मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ प्रत्येक फॉन्टमध्ये सापडतीलच असे नाही. हिंदी वळण आले तर फॉन्ट बदलावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टनिर्मात्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत असून लहान आकारातही वाचता येतो.

अंकीय नागरिकत्वाचा (संगणक व आंतरजालावर जबाबदारीने वागण्याचा) भाग अभ्यासक्रमांत त्रोटक असतो. परवाना पाहूनच चित्र घेणे आणि पालकांना विचारल्याशिवाय वर्गमित्राचे छायाचित्र न लावणे एवढे निदान अपेक्षित असते. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. व्हॉट्सॲपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवले की ते दाबले जाऊन छपाईत फुटते, म्हणून दुकानदार ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागतात. त्या रीतीने छायाचित्रात नोंदलेले ठिकाणही जसेच्या तसे जाते; पाठवण्यापूर्वी ते फोनमधून काढून टाकावे लागते.