प्री-बिडचं उत्तर आणि शुद्धिपत्रक: रेल्वे डेपोचं टेंडर भरताना कुठल्या कागदावर विसंबायचं?

रेल्वे किंवा मेट्रोच्या देखभाल डेपोचं टेंडर निघालं, प्री-बिड मीटिंग (बोली भरण्याआधी शंका विचारायची बैठक) झाली, की काही दिवसांनी पोर्टलवर दोन पीडीएफ चढतात. एकात तक्ता असतो: अनुक्रमांक, कलम, बोलीदाराचा प्रश्न आणि शेवटच्या रकान्यात खात्याचं उत्तर. दुसरी फाइल बहुधा छोटी असते. अमुक पानावरचा अमुक मजकूर वगळून त्याऐवजी तमुक वाचावा, एवढंच त्यात असतं. पहिल्या फाइलला प्री-बिड रिप्लाय किंवा क्लॅरिफिकेशन म्हणतात, दुसरीला शुद्धिपत्रक, कोरिजेंडम किंवा अडेंडम. बहुतेक ऑफिसांत दोन्ही एकाच फोल्डरमध्ये जातात आणि रेट काढणारा इंजिनीअर दोन्हींना सारखंच वजन देऊन पुढे जातो. घोटाळा तिथेच होतो.

उत्तर हे टेंडरमध्ये आधीच लिहिलेल्या गोष्टीचा खुलासा करतं. शुद्धिपत्रक लिहिलेली गोष्टच बदलतं. जागतिक बँकेच्या प्रमाण निविदा दस्तऐवजात या दोन्हींना वेगवेगळी कलमं आहेत, खुलाशाला 7 वं आणि दुरुस्तीला 8 वं. जपानच्या जायका या कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेचा प्रमाण दस्तऐवजही याच घडणीचा आहे, आणि मुंबई मेट्रो 3 पासून बुलेट ट्रेनपर्यंत आपल्याकडची मोठी रेल्वेकामं जायकाच्या कर्जावर आहेत. सातव्या कलमात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. प्री-बिड मीटिंगमुळे दस्तऐवजात काही बदल करावा लागला, तर तो फक्त अडेंडम काढूनच करायचा, मीटिंगच्या इतिवृत्तातून नाही. आठवं कलम सांगतं की अडेंडम हा निविदा दस्तऐवजाचाच भाग. बोलीपत्राच्या नमुन्यातही आपण सही करतो ती ‘अडेंडमसह सर्व दस्तऐवज तपासले, काही हरकत नाही’ या वाक्याखाली. तिथे अडेंडमचे क्रमांक भरावे लागतात. उत्तरांच्या तक्त्यासाठी तशी जागा नाही.

म्हणजे उत्तरं निरुपयोगी, असं मात्र नाही. टेंडरच्याच अटींत ‘प्री-बिडची उत्तरं कराराचा भाग राहतील’ असं लिहिलेलं असलं तर त्यांचं वजन वाढतं. करारनाम्याच्या कागदांच्या यादीत त्यांचा उल्लेख झाला तरी तेच. म्हणून टेंडर हाती पडल्यावर रेट ॲनालिसिसच्या आधी हे वाक्य आहे की नाही ते शोधावं. नसेल तर प्री-बिडमध्ये पहिला प्रश्न तोच विचारावा, आणि शक्य झाल्यास त्याचं उत्तरही अडेंडममध्येच मागावं.

महाराष्ट्रात गोंधळ वाढवणारी आणखी एक चीज आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत प्री-टेंडर कॉन्फरन्सनंतर ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन्स’, म्हणजे सगळ्या बोलीदारांना लागू होणाऱ्या बदलांची यादी, निघतो, ज्याला सगळे सीएसडी म्हणतात. दिसायला तो प्रश्नोत्तरांसारखा असू शकतो, पण दर्जानं तो शुद्धिपत्रकाच्या रांगेत बसतो, कारण तो निविदेचा भाग मानला जातो आणि सही करून निविदेसोबत जोडायचा असतो. वर्षानुवर्षं पीडब्ल्यूडीची कामं केलेला ठेकेदार पहिल्यांदा मेट्रो डेपोकडे वळतो तेव्हा प्रश्नोत्तरांच्या तक्त्याला सीएसडीच समजून बसतो. ही चूक मला समजू शकते, पण महागात पडते. कागदाच्या रूपावरून त्याचा दर्जा ठरवू नये. तो कोणत्या कलमाखाली काढला आहे ते वाचावं.

आता डेपोचंच उदाहरण घेऊ, कारण डेपोच्या कामात या फरकाला जेवढी धार येते तेवढी साध्या स्टेशन इमारतीत येत नाही. एकाच आवारात शेड, रूळ, पिट लाइन, धुलाई प्लांट, सांडपाणी प्रक्रिया, ओव्हरहेड वायर, सिग्नल आणि जड यंत्रं असतात, आणि यांतली निम्मी कामं दुसऱ्याच कंत्राटदारांकडे असतात.

पिट लाइन म्हणजे गाडी खालून तपासता यावी म्हणून रुळांखाली काढलेला काँक्रीटचा खड्डा, पूर्ण गाडीच्या लांबीचा. समजा ड्रॉइंगमध्ये पिट 600 मीटर दाखवला आहे, पण बीओक्यूमधलं, म्हणजे कामं आणि त्यांच्या संख्यांच्या तक्त्यातलं, काँक्रीट 7000 घनमीटर आहे आणि हिशेब केला की ते 420 मीटरलाच पुरतं. कोणी तरी प्रश्न विचारतो. उत्तर येतं, ‘600 मीटर बरोबर आहे, ड्रॉइंगप्रमाणे काम करावे.’ बीओक्यू मात्र तसाच राहतो.

आयटम रेटचं काम आहे, मोजमापाप्रमाणे पैसे मिळतील, मग बिघडलं काय? असं अनेकजण म्हणतात. 600 मीटरला काँक्रीट लागेल 10,000 घनमीटर, म्हणजे करारातल्या संख्येच्या जवळपास 143 टक्के. भारतीय रेल्वेच्या कराराच्या सर्वसाधारण अटींत, जिथे ही मर्यादा आयटमवार लागू होते तिथे, 125 टक्क्यांपर्यंत पूर्ण रेट, त्यापुढे 140 पर्यंत 98 टक्के आणि 150 पर्यंत 96 टक्के रेट मिळतो. रेट 8000 रुपये धरला तर 8750 घनमीटरपर्यंत काही कपात नाही, पुढच्या 1050 वर 1 लाख 68 हजार आणि उरलेल्या 200 वर 64 हजार. एकूण 2 लाख 32 हजार. खरं सांगायचं तर आठ कोटींच्या काँक्रीटमध्ये ही रक्कम किरकोळ आहे.

खरा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिला मुदतीचा. मुदत ठरवताना खात्यानं कोणती लांबी धरली होती, 420 की 600? दस्तऐवजात ते कुठेच नाही, म्हणून मुदतवाढ मागताना तुमच्या हातात फक्त एक उत्तर उरतं, आणि त्यात समोरचा म्हणतो, ‘600 मीटर तुम्हाला आधीच माहीत होतं.’ दुसरा फटका खात्याला आणि इतर बोलीदारांना बसतो. बीओक्यूची बेरीज 7000 घनमीटरवरच होणार आणि एल-1, म्हणजे सर्वांत कमी रकमेचा बोलीदार, त्याच बेरजेवर ठरणार. ज्याला पक्कं ठाऊक आहे की ही संख्या 10,000 होणार, तो काँक्रीटचा रेट चढवतो आणि जी कामं कमी होतील असं वाटतं त्यांचे रेट पाडतो. कागदावर तो सर्वांत स्वस्त ठरतो, अंतिम बिलात ठरत नाही. उत्तर देऊन बीओक्यू न बदलणं म्हणजे अशा हुशारीला खात्यानं स्वतः दार उघडून देणं. माझ्या मते संख्या बदलणारं कुठलंही उत्तर शुद्धिपत्रकाशिवाय निघूच नये.

लम्पसम, म्हणजे एकठोक रकमेच्या, कामात चित्र उलटं होतं. तिथे ड्रॉइंगमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट किमतीत धरलेली मानतात, त्यामुळे ‘ड्रॉइंगप्रमाणे करावे’ हे उत्तर सरळ खुलाशात बसतं. वेगळ्या शुद्धिपत्रकाची वाट पाहत बसलात तर ते येणार नाही, आणि तक्रारही टिकणार नाही. मुळात करार कोणत्या प्रकारचा आहे यावर तेच वाक्य खुलासा ठरतं की बदल, हे अवलंबून आहे.

पिट व्हील लेथचा प्रश्न याहून नाजूक. चाकं गाडीखालून न काढता त्यांचा झिजलेला आकार कातून दुरुस्त करणारं हे यंत्र जमिनीखालच्या खड्ड्यात बसतं, आणि त्याचा पाया यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंगवर ठरतो. यंत्राची खरेदी बहुधा वेगळ्या कंत्राटात असते. मग सिव्हिल ठेकेदार विचारतो, पायाचं ड्रॉइंग कधी मिळणार? उत्तर येतं, ‘यथावकाश देण्यात येईल.’ या उत्तराची किंमत शून्य. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, ड्रॉइंग उशिरा मिळाल्यास मुदत आणि खर्च मागण्याचं कलम आहे, 1.9. पण तिथे ‘वाजवी वेळ’ कोणता, यावर भांडावं लागतं. अडेंडममध्ये ‘काम सुरू झाल्यापासून इतक्या दिवसांत ड्रॉइंग मिळेल’ अशी तारीख आली, तर भांडण बरंच मिटतं. म्हणून प्रश्न ‘कधी मिळणार?’ असा न विचारता ‘अमुक कलमात अमुक दिवसांची अट घालावी, ही विनंती’ असा लिहावा.

प्रश्न लिहिण्याची पद्धत उत्तराचा दर्जा ठरवते, आणि इकडे आपले लोक फार कमी लक्ष देतात. नुसतं ‘कृपया खुलासा करावा’ लिहिलं की खुलासाच मिळतो. पान, कलम, सध्याचा मजकूर आणि त्याऐवजी सुचवलेला मजकूर असे रकाने भरले की समोरच्या इंजिनीअरला वरच्या साहेबाकडे फाइल पाठवणं सोपं जातं. तो मान्य करो वा न करो, निदान विषय बदलाचा आहे हे ठरून जातं. बऱ्याच तक्त्यांत मग उत्तराच्या जागी ‘अडेंडम क्रमांक 1, बाब 4 पाहावी’ असं येतं. ते पाहिलं की निश्चिंत व्हावं. ‘निविदेतील अटी कायम’ हे उत्तर ठेकेदारांना चिडवतं, पण तेही स्पष्ट आहे. काही बदललं नाही, त्या हिशेबानं जोखमीचा रेट लावा. सावध राहायचं ते ‘होय, ठेकेदाराच्या व्याप्तीत आहे’ किंवा ‘आरसीसीच्या रेटमध्ये समाविष्ट’ अशा एकओळी उत्तरांपासून. वॉटरप्रूफिंगला बीओक्यूत आयटम नाही आणि ते कोणत्या रेटमध्ये धरायचं हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही, तर ते वाक्य खुलाशाच्या वेषात आलेला बदल आहे. अशा वेळी मुदत संपण्याआधी लेखी लिहून शुद्धिपत्रक मागावं. नाही मिळालं तर तो खर्च रेटमध्ये घ्यावा आणि पुढे वाद घालण्याच्या भरवशावर राहू नये.

करांचंही असंच. 18 जुलै 2022 पासून रेल्वे आणि मेट्रोच्या बांधकामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. समजा जुन्या टेंडरवरून उचललेल्या प्रस्तावनेत 12 टक्के तसेच राहिले आणि विचारल्यावर ‘प्रचलित दराने’ असं उत्तर आलं. रेट करासह भरायचे असतील तर या दोन शब्दांवर सहा टक्के सोडून देण्याइतकं पोट कुणाचंच मोठं नसतं. प्रस्तावनेतली ओळ दुरुस्त करूनच घ्यावी.

‘आत्ता गप्प बसू, काम मिळालं की बघू’ असं म्हणणारेही भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. प्रश्न विचारला की तो, तुमचं नाव वगळून, सगळ्यांपुढे जातो आणि तुमच्या डोक्यातली पद्धत प्रतिस्पर्ध्याला कळते. बांधकामाच्या क्रमाबद्दल किंवा क्रेन कुठे उभी करायची याबद्दलचे प्रश्न मी तरी विचारू देणार नाही. पण पात्रतेच्या अटीबद्दल गप्प बसणं धोक्याचं. अफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या 2016 च्या निकालात वाद होता अनुभवाच्या अटीतल्या मेट्रो कामाच्या अर्थाचा. नागपूर मेट्रोनं अपात्र ठरवलेली स्पर्धक जेव्ही (दोन कंपन्यांची संयुक्त बोली) मुंबई उच्च न्यायालयानं पात्र ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि म्हटलं की निविदा लिहिणारा तिच्या गरजा सर्वांत चांगल्या जाणतो. दुर्भावना, विकृत किंवा मनमानी अर्थ लावणं असं काही दिसलं तरच न्यायालय हात घालेल, नुसतं ‘दुसरा अर्थही निघतो’ एवढ्यानं नाही. बोली उघडल्यावर खात्यानं अटीचा जो अर्थ लावला त्याविरुद्ध लढणं किती अवघड असतं ते यातून दिसतं. तो अर्थ बोली भरण्याआधीच शुद्धिपत्रकात लिहून घ्यावा.

जागेच्या बाबतीतही गप्प बसून उपयोग नाही. फिडिकच्या 4.10 आणि 4.11 कलमांप्रमाणे जागेची माहिती तुम्ही घेतली होती आणि तुमची किंमत पुरेशी होती, असंच धरलं जातं. साइट पाहायला जाण्याचा खर्चही तुमचाच. नागपूरची काळी माती पाहून आल्यावर पाइलची खोली वाढेल असं वाटलं, तर बोअरलॉग (जमिनीत भोक पाडून केलेली थरांची नोंद) मागा, आणि तो मिळाला तर अडेंडमला जोडूनच मिळावा असा आग्रह धरा.

मीटिंगमध्ये तोंडी मिळालेलं उत्तर कितीही मोठ्या साहेबानं दिलेलं असो, त्याला या दोन्ही कागदांच्या खालचंच स्थान. मीटिंगला गेलाच नाहीत म्हणून कुणी अपात्र करत नाही, तेव्हा तिथे कोण काय बोललं याची टिपणं काढण्यापेक्षा नंतर पोर्टल रोज उघडून पाहणं जास्त कामाचं. अडेंडम मोठा असेल तर बोलीची मुदत वाढवण्याची तरतूद असते. ती वाढवून हवी असेल तर तसं लेखी मागावं, आणि अडेंडम आल्या दिवशीच मागावं.

शुद्धिपत्रकामुळे बीओक्यू बदलला असेल तर महाटेंडर्ससारख्या पोर्टलवर नवी फाइल उतरवून त्यातच रेट भरावे लागतात. आधीच बोली टाकून मोकळे झालेले लोक इथे अडकतात, कारण जुन्या फाइलवरची बोली नव्या तक्त्याशी जुळत नाही आणि सगळं पुन्हा सादर करावं लागतं. शुद्धिपत्रक 2 आलं की 1 मधल्या त्याच बाबी बाद झाल्या का, हेही कलमवार ताडून पाहावं. दोन्हींत एकाच पानाचा उल्लेख असला तर नंतरचंच धरतात, पण आधीच्या शुद्धिपत्रकातली दुसरी ओळ तशीच जिवंत राहिलेली असते, आणि रेट काढताना नेमकी तीच निसटते.