माउसची डुलकी, लॅपटॉपची झोप

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) यूएसबी उपकरणाचं 'पॉवर मॅनेजमेंट'चं पान उघडलं की बहुधा दोन चौकोन दिसतात. पहिल्याचा अर्थ: वीज वाचवायला संगणकाने हे उपकरण बंद केलं तरी चालेल. दुसऱ्याचा: या उपकरणाने संगणकाला उठवलं तरी चालेल. दोन्ही एकाखाली एक, दोन्हींत वीज आणि झोप. त्यामुळे माउस अडखळायला लागला की लोक दोन्ही टिका काढतात, वर स्लीपही बंद करून टाकतात. माउसचं काय व्हायचं ते होवो, लॅपटॉप मात्र रात्रभर जागा राहतो.

पहिला चौकोन डुलकीचा. संगणक जागा आहे, तुम्ही टाइप करताय, पण वेबकॅम किंवा फिंगरप्रिंट रीडर कुणी वापरत नाही. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम तेवढ्याच पोर्टवरची वर्दळ थांबवते. शेजारच्या पोर्टला पत्ताही लागत नाही. विंडोजमध्ये याला 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' म्हणतात, लिनक्समध्ये 'ऑटोसस्पेंड'. यूएसबी २.० चा नियम असा की ३ मिलिसेकंद सामसूम राहिली की उपकरणाने सस्पेंडमध्ये जायचं. एरवी ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागणाऱ्याने मग २.५ मिलिअँपिअरच्या आत भागवायचं.

पण खरी बचत उपकरणाच्या या कमी खाण्यात नव्हतीच. जुने यूएसबी कंट्रोलर (पोर्टांचा कारभार बघणाऱ्या चिप) कामाची यादी रॅममध्ये ठेवत आणि काही आहे का हे बघायला दर मिलिसेकंदाला, किंवा त्याहूनही लवकर, तिथे डोकावत. या ये-जामुळे प्रोसेसरला खोल विश्रांतीची अवस्था गाठताच येत नसे. म्हणजे वापरात नसलेला एक फिंगरप्रिंट रीडर अख्ख्या लॅपटॉपची बॅटरी खायचा. यूएसबी ३ बरोबर आलेल्या कंट्रोलरांनी हे डोकावणं बरंच कमी केलं.

डुलकीचे तोटेही डुलकीसारखेच. माझ्या यूएसबी हेडफोनवर बराच वेळ शांतता गेली की पुढच्या आवाजाचा पहिला शब्द गिळला जायचा. मी केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, शेवटी त्याची डुलकी बंद केली आणि शब्द परत आले. काही माउस तर डुलकीतून नुसते हलवून उठत नाहीत, बटण दाबावं लागतं.

दुसरा चौकोन या सगळ्यापासून लांबचा. त्याची वेळ येते संगणक स्वतः झोपला की. पारंपरिक स्लीपमध्ये चालू प्रोग्रॅम गोठवले जातात, प्रोसेसर बंद होतो, रॅमपुरती वीज उरते. उपकरणांनाही तेव्हा झोपावंच लागतं, मग पहिल्या चौकोनात टिक असो वा नसो. प्रश्न एवढाच उरतो की दार वाजवायचा हक्क कुणाला. रात्री टेबल पुसताना माउस हलला आणि स्क्रीन उजळली, तर माउसपुरती ही दुसरी टिक काढा. पहिलीशी त्याचा संबंध नाही.

लिनक्समध्ये हे दोन वेगळ्या फायलींत आहे, डुलकीसाठी 'कंट्रोल' आणि उठवण्यासाठी 'वेकअप'. तिथे गंमत अशी की 'कंट्रोल'मध्ये 'ऑन' लिहिलं म्हणजे बचत चालू नव्हे, उपकरण कायम चालू. डुलकी हवी असेल तर 'ऑटो'. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुळात हब (एका पोर्टाचे अनेक करणारं उपकरण) सोडून बाकी उपकरणांना 'ऑन'वरच ठेवतो (काही ड्रायव्हर ते आपापल्या हिशेबाने बदलतात), कारण झोपून नीट न उठणारी उपकरणं फार. पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं 'ऑटो-ट्यून' चालवलं की जवळपास सगळ्यांना 'ऑटो' लागतं, आणि डुलकीआधीची मुदत मुळात असते अवघी २ सेकंदांची. माउसच्या बऱ्याच तक्रारी इथूनच निघतात. त्यावर 'वेकअप'शी खेळून उपयोग नाही, ती फाइल फक्त मोठ्या झोपेपुरती आहे.

हल्लीच्या 'मॉडर्न स्टँडबाय'वाल्या लॅपटॉपवर मात्र ही सीमा पुसट झाली आहे. तिथे संगणक एका झटक्यात झोपत नाही. एकेक उपकरण आपापली डुलकी घेतं आणि सगळी निजली की मगच यंत्रणा खोल झोपेत उतरते. एखाद्याची डुलकी बंद केलेली असेल, तर झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तासाभराने गरम लागू शकतो.