सॅच्युरेशन ९७, तरीही पेशंट बिघडतोय

कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर इंदूरच्या रामबागेत, सुदामानगरात, लोकमान्यनगरात अजून बऱ्याच घरांच्या औषधाच्या डब्यात सापडेल. यंत्र चांगलंच आहे. पण त्याच्याबरोबर एक गैरसमजही घरात आला, आणि तो वॉर्डापर्यंत पोचला. इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल असो की गल्लीतलं नर्सिंग होम, नातेवाईक सिस्टरला आधी विचारतात, "सॅच्युरेशन किती?" म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय. ९७ ऐकलं की सगळे निवांत. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांचंही तसंच होतं. बोटाला चिमटा लावला, आकडा लिहिला, पुढचा बेड.

पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सर्वांत आधी बदलतो तो श्वासाचा वेग. आणि टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा कागद) सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो तोही हाच आकडा.

आतड्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झालेला, बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेणारा, ६४ वर्षांचा एक पेशंट धरू. आतड्याचा जोड कुठेतरी किंचित सुटलाय आणि पोटात संसर्ग पसरतोय. अशा संसर्गात ऊतींना रक्त पुरेनासं झालं की पेशी ऑक्सिजनशिवाय साखर वापरू लागतात आणि लॅक्टिक आम्ल साठतं. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहायला हवा. रक्तातलं बायकार्बोनेट हे आम्ल टिपून घेतं आणि त्या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला फुप्फुसं आहेतच. मूत्रपिंडांना हा तोल सावरायला तास, कधी दिवस लागतात. फुप्फुसं ते काम मिनिटांत करतात.

त्यांना खबर कोण देतं? मानेत दोन्ही बाजूंना, कॅरॉटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते, कॅरॉटिड बॉडी. श्वासाच्या नियमनात या जागेचा वाटा दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. रक्तात आम्ल वाढलं किंवा ऑक्सिजन बराच घटला की ही गाठ मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे संदेश पाठवते आणि श्वास वाढतो. पेशंटला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

मग सॅच्युरेशन का पडत नाही? हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं ते सरळ रेषेच्या हिशोबाने नव्हे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० मिमी (पारा) असताना सॅच्युरेशन ९७-९८ टक्के असतं. दाब ६० वर आला, म्हणजे चाळीस टक्के घटला, तरी ते साधारण ९० असतं. त्याखाली मात्र आलेखाचा वक्र एकदम उतरतो, ४० मिमीला ७५ टक्के. म्हणजे वरच्या सपाट भागात बरंच काही बिघडून जातं आणि बोटावरचा आकडा जेमतेम हलतो. शिवाय आपल्या पेशंटची अडचण मुळात आम्लाची आहे, ऑक्सिजनची नाही. साखर वाढून किटोअॅसिडोसिस झालेल्या, म्हणजे रक्तात किटोन आम्लं साठलेल्या मधुमेह्याचा श्वास खोल आणि मिनिटाला ३० असू शकतो, आणि सॅच्युरेशन ९९.

इथे थोडा गुणाकार करावा लागेल. मिनिटाला १४ श्वास, प्रत्येकी ५०० मिली, म्हणजे ७ लिटर हवा. पोटावरचे टाके दुखतात म्हणून श्वास उथळ झाला, २८ वेळा २५० मिली, तरी बेरीज ७ लिटरच. पण प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा नुसती श्वासनलिकेत ये-जा करते, देवाणघेवाणीला उपयोगी पडत नाही. ती वजा केली तर पहिल्या हिशोबात ४.९ लिटर उरतात, दुसऱ्यात फक्त २.८. म्हणून वेगाबरोबर खोलीही बघायची. नाकपुड्या फुगतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, पेशंट एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का.

आता मोजणं. "तुमचा श्वास मोजते" असं सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचं नाही. पेशंटचा हात त्याच्याच छातीवर अलगद ठेवायचा, नजर छाती-पोटाकडे, आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चाराने गुणणं ही सर्रास चालणारी सवय आहे, आणि ती घातक आहे. तिच्यातून १६, २०, २४ असेच आकडे निघतात. खरा वेग २२ असेल तर हाती पाच श्वास लागतात किंवा सहा, म्हणजे चार्टवर २० तरी येतात नाहीतर २४. त्याहून वाईट म्हणजे न मोजताच सगळ्या बेडपुढे २० लिहून टाकणं.

त्याने काय होतं ते बघा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज-टू' ही गुणपद्धत घेऊ. तिच्यात श्वास, नाडी, बीपी अशा प्रत्येक नोंदीला गुण देतात, जितके जास्त गुण तितका धोका मोठा. रात्री दहाला आपला पेशंट शुद्धीत आहे, बाहेरून ऑक्सिजन लावलेला नाही. श्वास २६ (३ गुण), सॅच्युरेशन ९५ (१), वरचं बीपी १०८ (१), ताप १००.८ फॅरनहाइट (१), नाडी ८८ (०). नाडी शांत दिसते ती मेटोप्रोलॉलमुळे, ते औषध नाडीचा वेग वाढू देत नाही. बेरीज ६, आणि पाच किंवा त्याहून जास्त गुण झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं. श्वासाच्या रकान्यात २० लिहिलं तर तोच पेशंट ३ गुणांवर येतो, आणि रात्रभर कोणी बघत नाही.

पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला तर या पद्धतीत एकदम ३ गुण मिळतात. आपल्याकडे अशा वेळी उशीखाली लिंबू जातं, कोणी नजर उतरवून जातं. संसर्ग लिंबाला भीत नाही आणि त्यात गेलेला तास परत येत नाही. 'एआय आता सगळं आधीच ओळखेल' ही जाहिरातही त्याच पंगतीतली. त्या संगणकाला कोणीतरी टाकलेले ते न मोजलेले २० च मिळणार असतील, तर तो काय ओळखणार?

नर्सिंगच्या अभ्यासक ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सिंगमधल्या निर्णयाचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून तपासणं. आपल्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) व्याख्या विचारतात, पहिला टप्पा कोणी तपासतच नाही. तो शिकवता येतो. लॅबमध्ये मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) मॉनिटरवर कापड टाकायचं आणि विद्यार्थ्याला आधी सांगायला लावायचं, "सॅच्युरेशन किती असेल? कशावरून?" मग कापड काढायचं. किंवा श्वास घेणाऱ्या छातीचा व्हिडिओ दहा जणांनी वेगवेगळा मोजायचा आणि आकडे फळ्यावर मांडायचे. अनुभवी सिस्टरला 'नुसतं बघून कळतं' म्हणतात त्यात गूढ काही नाही, हीच मोजणी तिने हजारो वेळा केलेली असते.

आणि सहृदयता? ती वेगळ्या तासाला शिकवायचा विषय आहे असं मला वाटत नाही. स्टूल ओढून पेशंटच्या नजरेच्या पातळीवर बसा, "काका, हात धरते हं" म्हणून मगच हात लावा, चादर हवी तेवढीच सरकवा आणि पडदा ओढून घ्या. घाबरलेल्याचा श्वास आपोआपही वाढतो, म्हणून दोन मिनिटं त्याच्याशी शांतपणे बोलून पुन्हा मोजा. भीतीने वाढलेला बहुधा उतरतो, आम्लाने वाढलेला उतरत नाही. देवास-खरगोनकडून आलेला पेशंट "सिस्टर, जी घबरा रहा है" म्हणतो तेव्हा "कुछ नहीं होता, सो जाओ" हे सर्वांत वाईट उत्तर. त्याने पेशंट गप्प होतो आणि आपली माहिती बंद होते. कधीपासून, आडवं पडल्यावर वाढतं का, हे विचारा. शेजारी बसलेल्या काकूंनाही विचारा, "सकाळपेक्षा वेगळे वाटतात का?" त्यांना काकांचं रोजचं रूप आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मग फोन. "सर, बेड १४ ठीक वाटत नाहीत" एवढ्यावर रात्री कोणी उठत नाही. सांगायचं असं: "सर, सर्जिकल वॉर्ड, बेड १४. आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, मेटोप्रोलॉल चालू. श्वास दुपारी १८ होता, आता २६, पूर्ण मिनिट मोजलाय. बीपी १२८ वरून १०८. मला संसर्गाची शंका येतेय. आपण आत्ता येऊन बघावं." उत्तर "बघत राहा" असं आलं तर फोन ठेवायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्यायच्या: किती वेळाने पुन्हा मोजू, आणि कोणत्या आकड्याला परत फोन करू. दोन्ही उत्तरं वेळ घालून नर्सेस नोट्समध्ये लिहायची, आणि तेवढ्या वेळात कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन लावायचा.