मांडी घालता येते का?

आत्याच्या सांधेदुखीच्या तपासणीला मी एकदा सोबत गेले होते. बाहेर बाकावर बसलो असताना एक तरुण मुलगी फॉर्म घेऊन आली. "काकू, नंबर येईपर्यंत एवढं भरून द्याल का?" आत्याचा चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे मी वाचायचं आणि तिने सांगायचं असं ठरलं. गेल्या आठवड्यात टबमध्ये बसून अंघोळ करता आली का? दुधाचं नवीन खोकं उघडता आलं का? व्हॅक्यूम क्लीनर फिरवता आला का? प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय: काहीच त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, जमतच नाही.

"दूध पिशवीत येतं," आत्या म्हणाली. "आणि पिशवी कापतात तुझे आतोबा. लग्न झाल्यापासून. काय लिहिशील?"

मी 'काहीच त्रास नाही'वर खूण केली. टबचा प्रश्न सोडून दिला.

आत्याला खरी टोचत होती ती वेगळीच गोष्ट. दोन वर्षांपासून तिला मांडी घालता येत नव्हती. देवासमोरचा पाट उचलला गेला आणि तिथे प्लॅस्टिकची खुर्ची आली. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका सतरंजीवर गप्पा मारत बसायच्या आणि ही वर एकटी, तपासनिसासारखी. गावच्या घरी उकिडवं बसायचा संडास, म्हणून तिने गावाला जाणंच सोडलं. फॉर्मभर शोधलं, मांडीचा उल्लेख कुठेही नव्हता.

ही प्रश्नावली तशी टाकाऊ नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली, १९८० साली प्रसिद्ध केली आणि संधिवाताच्या अभ्यासाची दिशाच बदलली. तोवर डॉक्टर सांध्याची सूज बघत, रक्ताचे रिपोर्ट बघत, एक्स-रे बघत. या सगळ्यामुळे माणसाला घरात काय करता येतं आणि काय येत नाही, हे त्यालाच विचारायची शिस्त या प्रश्नावलीने लावली. फक्त ते घर कॅलिफोर्नियातलं होतं. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ साली तिची भारतीय आवृत्ती तपासून प्रसिद्ध केली. तिच्यात बाराच प्रश्न आहेत आणि ते वाचताना आपलीच गल्ली डोळ्यांसमोर येते. संडासात उकिडवं बसता येतं का, किंवा जमिनीवर मांडी घालता येते का? रिक्षात चढता-उतरता येतं का? भाजीबाजारात जाऊन खरेदी जमते का? तीन किलोमीटर चालवतं का? आत्याच्या हातात ही आवृत्ती आली असती तर तिचे मार्क पार वेगळे निघाले असते. सांधे तेच, औषधं तीच.

आयुष्याचा दर्जा मोजायच्या पट्ट्या अनेक आहेत. प्रत्येक पट्टीसाठी मी एकच गोष्ट बघते: उत्तर कोण देतंय आणि प्रश्न कुणाच्या आयुष्यातून उचललाय.

सगळ्यात जुन्या पट्ट्यांमध्ये रुग्णाला कुणी विचारतच नव्हतं. डेव्हिड कार्नोफस्की हे न्यूयॉर्कचे कर्करोगतज्ज्ञ. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला शंभरपैकी गुण द्यायची पद्धत आणली. १०० म्हणजे ठणठणीत, ७० म्हणजे स्वतःचं स्वतः आवरतो पण कामधंदा जमत नाही, ५० म्हणजे बरीच मदत लागते, आणि शून्य म्हणजे मृत्यू. गुण द्यायचे डॉक्टरांनी. रुग्ण ७० वर असून रोज रडत असेल, तर ते या पट्टीत उमटत नाही. १९६३ साली सिडनी कॅट्झ यांनी म्हाताऱ्या आणि दीर्घ आजारी माणसांसाठी सहा गोष्टींची यादी केली: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा, हाताने जेवणं. लहान मूल साधारण ज्या क्रमाने स्वावलंबी होतं, त्याच क्रमाने या गोष्टी आजाऱ्याला परत जमू लागतात, असं त्यांना दिसलं. घरात म्हातारं माणूस असलेल्यांना ही यादी पाठ असते. कॅट्झ यांचं नाव तेवढं माहीत नसतं.

पुढची पायरी माझ्या मते सगळ्यात धाडसी, आणि थोडी अंगावर येणारी. युरोपातल्या काही संशोधकांनी १९८७ साली एकत्र येऊन ईक्यू-५डी ही प्रश्नावली बांधायला घेतली. पाचच मुद्दे: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, दुखणं, चिंता-उदासी. जुन्या आवृत्तीत प्रत्येक मुद्द्याला तीन पायऱ्या, म्हणजे एकूण २४३ अवस्था. नव्या आवृत्तीत पाच पायऱ्या, म्हणून ३,१२५. इथवर सगळं सोपं आहे. पण यातल्या प्रत्येक अवस्थेला आकडा द्यायचा, तर तो आणायचा कुठून?

त्यासाठी धडधाकट माणसांना गाठतात आणि एक सौदा समोर ठेवतात. समजा, सतत दुखणं आहे आणि काठीशिवाय चालवत नाही. असं दहा वर्षं जगायचं, की त्याहून कमी वर्षं, पण ठणठणीत? नऊ वर्षं दिली तर घ्याल? आठ? सात? ज्या आकड्यावर माणूस "आता दोन्ही सारखंच" म्हणतो तिथे थांबायचं. सातवर थांबला, तर त्या अवस्थेची किंमत ०.७. अशा अवस्थेतली दहा वर्षं म्हणजे निरोगी आयुष्याची सात वर्षं. एखाद्या शस्त्रक्रियेने ही किंमत ०.५ वरून ०.८ वर गेली आणि दहा वर्षं टिकली, तर पदरात तीन वर्षं पडली. इंग्लंडमध्ये नाइस ही सरकारी संस्था औषधांची शिफारस करताना हाच हिशेब मांडते. अशा एका निरोगी वर्षामागे २० ते ३० हजार पौंड ही तिची मर्यादा बरीच वर्षं होती.

ब्रिटनमध्ये हजारो लोकांशी असे सौदे करून १९९७ साली जो तक्ता प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यात वाईट अवस्थेला उणे ०.५९४ मिळाले. उणे म्हणजे मरणापेक्षा वाईट. भारताचाही स्वतःचा तक्ता आता आहे. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने निरनिराळ्या राज्यांतल्या साडेतीन हजारांवर लोकांना विचारून तो २०२२ मध्ये आला. तोवर आपल्याकडचे अभ्यासक परक्या तक्त्यांवर भागवत होते.

पण ज्याला तसं कधी जगावं लागलं नाही, त्याने "हे मरणापेक्षा वाईट" म्हणावं का? बेल्जियममधल्या लीएज इथल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले रुग्ण 'लॉक्ड-इन' अवस्थेतले होते. शुद्ध पूर्ण, बुद्धी शाबूत, पण सारं शरीर लुळं. हलतात ते जवळपास फक्त डोळे, आणि पापण्यांच्या इशाऱ्यावर अक्षरं जुळवत बोलायचं. त्यांना प्रश्नही खास पद्धतीने विचारला. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणजे अधिक ५, सगळ्यात वाईट काळ उणे ५, मग आज कुठे आहात? पट्टी प्रत्येकाची स्वतःची. ६५ जणांपैकी ४७ जणांची उत्तरं 'सुखी' या बाजूला पडली, १८ जणांची 'दुःखी'कडे. ज्यांनी उत्तर दिलं त्यांचीच ही मोजणी, आणि जे फार खचलेले असतील ते उत्तर कशाला देतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ४७ हा आकडा झटकून टाकता येत नाही.

मग ज्याचं त्यालाच विचारावं आणि मोकळं व्हावं? तिथेही पाय घसरतो, आणि त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्य पाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी ती पुढे अनेकदा सांगितली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आम्ही आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळच्या विधवेच्या ताटात काय पडायचं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सोसणं हीच रीत असली की दुखण्याची तक्रार होत नाही. सेन यांनी २००२ साली असंही दाखवलं की, तेव्हा भारतात आयुर्मान सगळ्यात जास्त ते केरळचं होतं, आणि "मी आजारी आहे" म्हणणारे जास्त तेही केरळातच. बिहारमध्ये दोन्ही कमी. नुसत्या लोकांच्या सांगण्यावर गेलो तर बिहार जास्त निरोगी ठरायचा! देशोदेशींच्या सुखाच्या याद्या येतात, त्यातही ० ते १० पायऱ्यांची शिडी दाखवून "तुम्ही कुठल्या पायरीवर?" एवढंच विचारलेलं असतं. मी त्या यादीतल्या क्रमांकांकडे फारसं लक्ष देत नाही.

मला स्वतःला भावली ती डब्लिनची पद्धत. तिथल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं की प्रश्नही रुग्णानेच काढायचे. तुमच्या आयुष्यात महत्त्वाच्या अशा पाच गोष्टी सांगा. प्रत्येक गोष्ट सध्या कशी चाललीय ते पट्टीवर दाखवा. मग हातात पाच रंगांची चकती द्यायची. रंगांचे तुकडे एकमेकांवर सरकतात. ज्या गोष्टीचं महत्त्व जास्त, तिचा रंग मोठा करायचा. यात एक अडचण आहे: तुमची पाच आणि माझी पाच वेगळी, त्यामुळे दोघांची बेरीज शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. औषधावर पैसे खर्चायचे की नाही हे ठरवणाऱ्या सरकारला ती फारशी कामाची नाही. समोरच्या एका माणसाला समजून घ्यायला मात्र उत्तम.

परवा मी पुठ्ठ्याची अशी चकती कापली आणि आत्यासमोर ठेवली. तिच्या पाच गोष्टी अशा: आतोबांची तब्येत, भजनी मंडळ, खाली बसून पूजा, स्वतःची पेन्शन, रात्रीची सलग झोप.

"आणि दुखणं?" मी विचारलं.

"ते आहेच. ते काय वेगळं सांगायचं?"

निळा रंग भजनी मंडळाचा. तिने तो सरकवत सरकवत चकतीच्या जवळजवळ निम्म्यावर नेला. आतोबा आतून ऐकत होते, काही बोलले नाहीत. चार दिवसांनी तिचा फोन आला. मंडळात कुणाशी तरी वाजलं होतं.

"ती चकती आहे का गं अजून? निळं जरा कमी कर."