पाच कोटी डॉलर आणि आठ कलमी व्याख्या

अमेरिकेत ‘लग्नापर्यंत संयम’, म्हणजे लग्नाआधी लैंगिक संबंध नकोत, हे मुलांना शिकवायला सरकारने पैसा द्यावा का, या वादाची सुरुवात १९८१ च्या एका कायद्यापासून सांगतात. अनुदान धार्मिक संस्थांनाही मिळू लागल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायदा तगला. १९९३ च्या तडजोडीने धार्मिक मजकूर वगळण्याची आणि माहिती वैद्यकीयदृष्ट्या अचूक ठेवण्याची अट घातली. तोवरचा पैसा तसा थोडाच होता.

खरी गाठ बसली १९९६ मध्ये. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची घडी बदलणाऱ्या मोठ्या विधेयकात संयमाच्या शिक्षणाला पैसा देणारं कलम अगदी शेवटी घातलं गेलं. एरवी त्या टप्प्यावर फक्त तांत्रिक दुरुस्त्या होतात. त्यामुळे ना सुनावणी झाली, ना चर्चा. वर्षाला ५ कोटी डॉलर, पाच वर्षांसाठी. केंद्राच्या दर ४ डॉलरमागे राज्याने ३ डॉलर उभे करायचे. गरिबीच्या कायद्यात हा विषय आला कसा? लग्नाबाहेर जन्मणारी मुलं हे गरिबीचं मोठं कारण, अशी विधेयक आणणाऱ्यांची धारणा होती, आणि कायद्याचं पहिलंच विधान विवाहाला यशस्वी समाजाचा पाया म्हणतं.

पैशासोबत अशा शिक्षणाची आठ मुद्द्यांची व्याख्या आली. त्यातले तीन मुद्दे असे. शिक्षणाचा ‘एकमेव उद्देश’ संयमाचे फायदे सांगणं हाच हवा. विवाहातले एकनिष्ठ संबंध हाच माणसाच्या लैंगिक वर्तनाचा अपेक्षित मानदंड. विवाहाबाहेरचे संबंध मनाला आणि शरीराला अपायकारक ठरण्याची शक्यता. गंमत अशी, की या तिघांतल्या शेवटच्या दोन मुद्द्यांत वयाचा उल्लेखच नाही. नववीतल्या मुलीला जो नियम, तोच तिला शिकवणाऱ्या घटस्फोटित शिक्षकाला. समलिंगी मुलांना तर तेव्हा देशातल्या एकाही राज्यात लग्न करता येत नव्हतं. त्यांच्या वाट्याला आजन्म संयमच. लोक प्रत्यक्षात असं वागत नाहीत, हे कर्त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. कलमाच्या जडणघडणीशी जवळचा संबंध असलेल्यांनी लगेच पुढच्या वर्षी लिहून टाकलं, की हा विसंवाद हाच तर मुद्दा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार ४४ व्या वर्षापर्यंत ९५ टक्के अमेरिकन लोकांनी विवाहपूर्व संबंध ठेवलेले होते.

राज्यांनी आधी पळवाट काढली. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठही मुद्द्यांवर सारखा भर देणं बंधनकारक नव्हतं. एकाही मुद्द्याच्या विरोधात जायचं नाही, एवढंच पथ्य. मग कुणी जाहिराती केल्या, कुणी शाळेनंतरचे उपक्रम चालवले. पुढे केंद्राने दोर आवळला: प्रत्येक मुद्दा अर्थपूर्ण रीतीने शिकवलाच पाहिजे. २००६ च्या सूचनांनी तर लक्ष्यगट १२ ते २९ वर्षांपर्यंत ताणला. एकोणतिशीच्या माणसाला संयमाचे धडे, तेही करदात्यांच्या पैशातून! कॅलिफोर्निया या पैशापासून आधीच दूर होता; २००९ पर्यंत जवळजवळ निम्म्या राज्यांनी तो नाकारला.

त्याआधीच अभ्यासक्रमांची अब्रू गेली होती. २००४ च्या एका तपासणीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १३ पैकी ११ अभ्यासक्रमांत चुका सापडल्या. घाम आणि अश्रूंतून एचआयव्ही पसरू शकतो, असंही एकात होतं. २००७ मध्ये काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकी संसदेनेच, नेमलेल्या मूल्यमापनात चार उपक्रमांतल्या दोन हजारांवर मुलांचा मागोवा घेतला गेला. धडे घेतलेली आणि न घेतलेली, दोन्ही गटांत साधारण निम्मी मुलं संयमी राहिलेली होती आणि उरलेल्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वयही सारखंच निघालं.

२०१० च्या अर्थसंकल्पात संस्थांना केंद्राकडून थेट मिळणारं वेगळं अनुदान थांबलं. १९९६ च्या कलमातला राज्यांचा निधी वर्षभरापूर्वी संपला होता, पण २०१० मध्येच आरोग्य सुधारणा कायद्याने तो पुन्हा सुरू केला. पुढे तो साडेसात कोटी डॉलरवर गेला. २०१८ मध्ये नाव बदलून ‘लैंगिक जोखीम टाळण्याचं शिक्षण’ झालं आणि जुने आठ मुद्दे गेले. ‘लग्नाशिवाय लैंगिक संबंध टाळा’ हा मुख्य संदेश तेवढा राहिला. आता वर्गात गर्भनिरोधकांची माहिती देता येते. ती वापरायची कशी, हे प्रात्यक्षिक मात्र वर्ज्य आहे.