पार्श्वभूमी: फुटबॉल मॅनेजरमधले स्लायडर का गेले

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर २६' या फुटबॉल संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममधून डिफेंड, सपोर्ट आणि अटॅक या तीन ड्युटी, म्हणजे खेळाडूने किती मागे राहायचं किंवा पुढे जायचं हे ठरवणाऱ्या सूचना, काढून टाकण्यात आल्या. चेंडू आपल्याकडे असताना एक फॉर्मेशन आणि नसताना दुसरं, अशी नवी मांडणी आली. खेळणाऱ्यांमध्ये त्यावरून जो वाद पेटला तो जुन्या मंडळींना ओळखीचा आहे. २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस 'फुटबॉल मॅनेजर २०१४' आला आणि त्यातून स्लायडर, म्हणजे सूचना कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, गायब झाले, तेव्हाही असंच झालं होतं. आज टॅक्टिक्सच्या पडद्यावर एखादी सूचना टिक केली की संघ नेमका किती बदलतो हे पटकन कळत नाही. त्याचं मूळ त्या निर्णयात आहे, म्हणून इथे सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९९२ साली दोन इंग्लिश भावांनी घरीच लिहिलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' बाजारात आला. त्यात सामना म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या कॉमेंटरीच्या ओळी. पुढची दहा वर्षं मैदान दिसतच नव्हतं, त्यामुळे डावपेच चालला की फसला हे स्कोअर आणि आकडेवारी पाहूनच ठरवायचं. २००३ च्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर ४'मध्ये वरून दिसणारं मैदान आणि त्यावर पळणारे ठिपके आले. त्यानंतर लवकरच गेम बनवणारे आणि त्यांचे प्रकाशक यांची फारकत झाली. नाव प्रकाशकाकडे गेलं, कोड आणि डेटाबेस बनवणाऱ्यांकडे राहिला, आणि २००४ च्या अखेरीस तोच गेम 'फुटबॉल मॅनेजर २००५' म्हणून अवतरला.

त्या जुन्या आवृत्त्यांतल्या दोन सोयी पुढच्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाच्या. मैदानाचे चौकोन पाडलेले असायचे आणि चेंडू अमुक चौकोनात असला की तमुक खेळाडू कुठे उभा राहील हे ओढून ठेवता यायचं. चेंडू आपल्याकडे असताना एक जागा, नसताना दुसरी. दुसरी सोय बाणांची. खेळाडूवरून बाण काढला की तो त्या दिशेने धाव घेई. दोन्ही सोयी फुटबॉल म्हणून फार सुंदर होत्या, पण लोकांनी त्यांचा वापर इंजिनातली, म्हणजे सामना घडवणाऱ्या प्रोग्राममधली, भोकं शोधायला केला. मधल्या फळीतल्या एकाला पुढे लांब बाण द्यायचा. त्या धावणाऱ्याला कोणी धरायचं हे समोरच्या बचावपटूंना उमगतच नसे. तो मिडफिल्डर हंगामात स्ट्रायकरपेक्षा जास्त गोल करून बसायचा. अशा डावपेचाची एखादी फाइल हातोहात पसरायची आणि चौथ्या श्रेणीतला क्लबही तिच्या जोरावर वर चढायचा. आधी चौकोन गेले आणि ते दशक सरता सरता बाणही गेले.

उरले स्लायडर. मेंटॅलिटी, टेम्पो (खेळाचा वेग), रुंदी, बचावरेषेची उंची, क्लोजिंग डाउन (चेंडूवाल्यावर धावून जाणं), वेळ काढणं अशा प्रत्येक गोष्टीला एक पट्टी आणि तिच्यावर २० खाचा. मेंटॅलिटी संपूर्ण संघालाही द्यायची आणि हवी तर प्रत्येक खेळाडूला वेगळी. खाच डावीकडे असली की खेळाडू मागे राहील, जोखीम टाळेल. उजवीकडे सरकवली की पुढे जाईल, अवघड पास टाकेल. एका पट्टीत उभं राहण्याची जागा आणि जोखीम अशा दोन गोष्टी गुंफलेल्या होत्या. सगळा गोंधळ याच गुंफणीतून आला.

समजा सेंटरबॅकची (मधल्या बचावपटूची) मेंटॅलिटी ६ ठेवली आणि स्ट्रायकरची १७. आकड्यांकडे पाहून वाटतं, बचाव भक्कम आणि हल्ला धारदार. सामन्यात मात्र संघाचे दोन तुकडे पडायचे. मागचे सहा जण स्वतःच्या अर्ध्यात, पुढचे चार जण समोरच्या बॉक्सजवळ, आणि मध्ये मोकळं रान. पास द्यायला कोणी जवळ नाही, म्हणून मागचे लांब चेंडू मारत सुटायचे. मग पासिंगचा दोष म्हणून लोक पासिंगचा स्लायडर हलवत बसायचे, आणि खरं दुखणं मेंटॅलिटीच्या दरीतच राहायचं.

हे कोडं सोडवलं ते खेळणाऱ्यांनीच. गेम बनवणाऱ्यांनी खाचांचा अर्थ कधी नीट सांगितला नव्हता. काही जाणकारांनी सामने पाहून, नोंदी ठेवून पद्धती बसवल्या. एका पद्धतीत मागच्या फळीपासून पुढच्या फळीपर्यंत मेंटॅलिटी एकेका खाचेने वाढवायची, म्हणजे संघ सलग राहतो. दुसरीत पाच जण बचावाला आणि पाच जण हल्ल्याला असे दोन गट करायचे. शास्त्र म्हणावं इतक्या काटेकोरपणे लिहिलेले हे लेख होते. त्याच सुमारास, २००८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत सामने थ्रीडीमध्ये दिसू लागले आणि ती दरी डोळ्यांना स्पष्ट दिसू लागली.

२००९ मध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर २०१०'ने टॅक्टिक्स क्रिएटर आणला आणि त्याच्या मुळाशी याच जाणकारांचं काम होतं. आता फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) आकडे न देता रोल, म्हणजे मैदानावरची भूमिका, आणि ड्युटी द्यायची. संघाची मेंटॅलिटी, खेळाडूची ड्युटी आणि संघ किती बांधीव किंवा किती मोकळा खेळणार ही निवड यांवरून स्लायडर आपोआप बसायचे. ते दिसायचेही. फुलबॅकची ड्युटी सपोर्टवरून अटॅकवर नेली की त्याची पट्टी किती पुढे सरकली हे तिथेच पाहता यायचं, आणि पटलं नाही तर हाताने मागेही घेता यायचं. २०१० पासून २०१३ पर्यंतच्या चार आवृत्त्यांत हे असंच होतं. टॅक्टिक्स शिकण्यासाठी या मालिकेत इतका चांगला काळ आधी नव्हता आणि नंतरही आला नाही. शब्द आणि आकडा शेजारी शेजारी होते, त्यामुळे कशाने काय होतं हे बघून कळत होतं.

२०१४ च्या आवृत्तीत आकड्यांची बाजू पूर्ण काढून टाकली गेली. समर्थनात सांगितलं गेलं ते चुकीचं नव्हतं. कुठलाही कोच खेळाडूला 'टेम्पो १३ ठेव' असं सांगत नाही. नवीन खेळणारा २० खाचांच्या डझनभर पट्ट्या पाहून पळून जायचा. आकड्यांच्या मागे लागलेले लोक फुटबॉल विसरून फक्त चालणारी जोडणी शोधत होते. हे सगळं मान्य. पण भाषा सोपी करायला आकडे लपवण्याची गरज नव्हती. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे आधीच्या चार आवृत्त्यांनी दाखवून दिलंच होतं.

लपवल्याने काय झालं हे एका उदाहरणात दिसतं. मेंटॅलिटीच्या तेव्हाच्या सात पायऱ्या होत्या: कंटेन, डिफेन्सिव्ह, काउंटर, स्टँडर्ड, कंट्रोल, अटॅक, ओव्हरलोड. पट्ट्या दिसेनाशा झाल्यावर लोकांकडे फक्त ही नावं उरली. काउंटर निवडला की संघ प्रतिहल्ल्याचं फुटबॉल खेळेल आणि कंट्रोल निवडला की चेंडू पायात ठेवेल, असं कोणालाही वाटणारच. प्रत्यक्षात त्या जोखमीच्या पायऱ्या होत्या. काउंटर म्हणजे स्टँडर्डपेक्षा जरा सावध, कंट्रोल म्हणजे जरा धाडसी. कंट्रोल लावून चेंडू राखायला बघणाऱ्या माणसाचा संघ आणखी वेगाने आणि आणखी पुढे चेंडू टाकायचा. त्याने मग टेम्पो कमी करण्याची सूचना द्यायची. ती सूचनाही मेंटॅलिटीने आधीच सरकवून ठेवलेल्या जागेपासून मोजली जायची. म्हणजे अटॅक मेंटॅलिटीतला 'कमी टेम्पो' आणि डिफेन्सिव्ह मेंटॅलिटीतला 'कमी टेम्पो' या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसायच्या. पूर्वी हा फरक पट्टीवर दोन सेकंदांत दिसला असता.

पाच वर्षांनी, 'फुटबॉल मॅनेजर २०१९'मध्ये नावं बदलली गेली. काउंटरचं कॉशस झालं, कंट्रोलचं पॉझिटिव्ह झालं. सूचना तीन भागांत विभागल्या गेल्या: चेंडू आपल्याकडे असताना, चेंडूची अदलाबदल होताना, चेंडू नसताना. गेगनप्रेस (चेंडू गेला की लगेच तुटून पडणं), टिकी-टाका (छोटे पास), काटेनाच्चो (घट्ट बचाव) अशा तयार शैलीही आल्या. संघ किती बांधीव हे निवडण्याची सोय गेली; ते आता दिलेल्या ड्युटींवरून गेम स्वतःच ठरवू लागला. नावांची दुरुस्ती ही २०१४ च्या निर्णयातल्या दोषाची कबुलीच म्हणायला हवी, भले तशी कोणी जाहीर केली नसेल.

याच काळात इंजिनातली भोकं बुजली का? स्लायडर गेले तरी चालणाऱ्या फाइल फिरतच राहिल्या. जवळच्या खांबाशी उंच सेंटरबॅक उभा करून कॉर्नरवर गोलांचा पाऊस पाडण्याची युक्ती कित्येक आवृत्त्यांत चालली. आकडे काढल्याने गैरफायदा थांबेल ही अपेक्षा फोल ठरली. इंजिन सुधारलं तेव्हाच तो कमी झाला.

पुढे २५ ची आवृत्ती रखडली. नव्या ग्राफिक्स इंजिनाकडे जाताना 'फुटबॉल मॅनेजर २५' आधी पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच झाला. त्याच्या जागी थेट २६ आला आणि त्यात ड्युटी गेल्या. आता खेळाडूला दोन रोल द्यायचे, एक चेंडू असतानाचा आणि एक नसतानाचा. चेंडू असताना फुलबॅक आत येऊन मधल्या फळीत उभा राहतो, चेंडू गेला की पुन्हा चौघांची रांग. ज्यांनी ते जुने चौकोन वापरले आहेत त्यांना ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की तेव्हा जागा आपण स्वतः ओढत होतो आणि आता ती रोल ठरवतो.

मेंटॅलिटी मात्र याही आवृत्तीत आहे, त्याच सात पायऱ्यांची. ड्युटी असताना एखाद्या खेळाडूला संघाच्या सुरापेक्षा थोडं पुढे किंवा मागे ठेवता यायचं. आता ते रोलच्या पोटात गेलं आहे. अटॅकिंग मेंटॅलिटीत विंगबॅक (कडेने वर चढणारा बचावपटू) किती धाडस करेल हे त्याच्या रोलच्या वर्णनावरून आणि सामना पूर्ण लांबीचा लावून बघितल्यावरच ठरवावं लागतं.